'नमस्कार'मधला 'न' का गळतो? ऑफिसच्या फोनवर स्वागत-निवेदन आणि होल्डचे संगीत चढवण्याची पद्धत

पुष्कळ ऑफिसांना फोन लावला की पहिला शब्द ऐकू येतो तो 'मस्कार'. 'न' कुठेतरी गळालेला असतो. पुढचे निवेदन विहिरीतून बोलल्यासारखे येते, आणि होल्डवर ठेवले की बासरीऐवजी तुटक खरखर. तीच फाईल कॉम्प्युटरवर झकास वाजते, म्हणून ऐकणाऱ्याच्या मोबाईललाच दोष दिला जातो. खरा दोष बहुतेक वेळा तयारीत असतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात आणखी एक अडचण आहे. एकाच नंबरवर मराठी बोलणारे येतात, कन्नड बोलणारे येतात, चंदगड-गडहिंग्लजकडचे येतात आणि गोव्याचेही येतात. भाषांचा क्रम न ठरवता एकच लांबलचक निवेदन सगळ्यांना ऐकवले, की निम्मे लोक मध्येच फोन ठेवतात.

खालचा क्रम मोडू नका. अपलोड हे यातले सातवे काम आहे. बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि मग तीन-तीनदा सगळे नव्याने करत बसतात.

## १. तुमची यंत्रणा कोणती ते आधी ओळखा

आपल्याकडच्या ऑफिसांत साधारण तीन प्रकार दिसतात.

पहिला, भिंतीवरचा जुना ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाईनला जोडणारा डबा. यात होल्डचे संगीत फाईल म्हणून चढत नाही. डब्यावर संगीतासाठी ऑडिओची एक खाच असते, तिला छोटा प्लेअर जोडावा लागतो. स्वागत-निवेदन ऑपरेटरच्या फोनवरून कोड दाबून बोलून भरतात. तो कोड मॉडेलप्रमाणे बदलतो, म्हणून डब्याचे मॅन्युअल हाताशी हवेच.

दुसरा, आयपी-पीबीएक्स, म्हणजे हेच काम कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरून करणारी यंत्रणा. अॅस्टरिस्क, फ्रीपीबीएक्स, थ्रीसीएक्स किंवा ग्रँडस्ट्रीम, येस्टारचा डबा. ब्राउझरमध्ये पत्ता टाकून आत जायचे आणि फाईल चढवायची. हा लेख मुख्यतः याच प्रकारासाठी आहे.

तिसरा, क्लाउड टेलिफोनी. नंबर कंपनीचा, मेनू त्यांच्या वेबसाइटवर. तयारीची सगळी कामे इथेही तीच राहतात. फक्त काही कंपन्या फाईल तपासून मगच चालू करतात, तेव्हा सणाच्या आदल्या संध्याकाळी निवेदन चढवू नका.

इशारा: मोबाईल कंपनीची कॉलर ट्यून आणि होल्डचे संगीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉलर ट्यून फोन उचलेपर्यंत वाजते आणि ती मोबाईल कंपनीच्या यंत्रणेत असते. होल्डचे संगीत फोन उचलल्यानंतर, तुमच्या यंत्रणेतून वाजते. पहिलीचे पैसे भरून दुसरीची वाट पाहणारे दर महिन्याला कुणी ना कुणी भेटतात.

## २. कॉलचा रस्ता कागदावर काढा

एक कोरा कागद घ्या. वर लिहा 'बाहेरून कॉल आला'. तिथून बाण काढत जा: ऑफिस चालू आहे की बंद? चालू असेल तर भाषा, मग मेनू, मग विभाग. विभागातला माणूस बोलत असेल तर रांग. उचलून पुन्हा थांबवले तर होल्ड. कुणीच उचलले नाही तर? बंद असेल तर बंदचे निवेदन.

जिथे जिथे ग्राहकाच्या कानात काही पडणार, तिथे एक आकडा टाका. तो आकडा म्हणजे एक फाईल. साध्या कारखान्याच्या ऑफिसलाही सात-आठ आकडे निघतात: भाषेची निवड, मराठी मेनू, कन्नड मेनू, चुकीचे बटण दाबल्यावरचे वाक्य (दोन्ही भाषांत), रांगेतले वाक्य, बंदचे निवेदन, होल्डचे संगीत.

तपासणी: प्रत्येक रस्त्याच्या शेवटी माणूस, व्हॉइसमेल किंवा 'उद्या फोन करा' असे स्पष्ट वाक्य आहे ना? एखादा बाण कागदावरच अधांतरी संपत असेल, तर यंत्रणेतही तो कॉल तिथेच तुटणार.

## ३. भाषांचा क्रम आणि शब्द ठरवा

भाषांचा क्रम अंदाजाने ठरवू नका. रिसेप्शनवर आठवडाभर एक कागद ठेवा आणि आलेला प्रत्येक कॉल कोणत्या भाषेत बोलला गेला त्याची रेघ मारा. ज्या भाषेच्या रेघा जास्त, ती आधी. जी भाषा बोलणारे माणूस टेबलावर नाही, ती मेनूत देऊ नका. चार भाषा निवडायला लावून शेवटी एकाच माणसाने हिंदीत उत्तर द्यायचे, हे ग्राहकाला खोटे आश्वासन आहे.

प्रत्येक भाषेचा पर्याय त्याच भाषेत बोलला गेला पाहिजे. 'कन्नडसाठी एक दाबा' हे मराठीत सांगून उपयोग नाही, कारण ज्याला ते समजते त्याला कन्नड मेनूची तेवढी गरज नसते. आपल्या भागाची एक सोय अशी की 'नमस्कार' दोन्ही भाषांत चालतो, तो एकदाच म्हणा. दोन भाषांचे पहिले निवेदन एवढेच पुरे:

"नमस्कार. (संस्थेचे नाव). कन्नडक्कागि ओंदन्नु ओत्तिरि. मराठीसाठी दोन दाबा."

हे सात-आठ सेकंदांत संपते. इथे पत्ता, घोषवाक्य, स्थापनेचे वर्ष काही नको.

कन्नड वाक्य इथे आपल्या लिपीत दिले आहे ते समजण्यापुरते. ध्वनिमुद्रणाला तो कागद देऊ नका. आपल्या रोजच्या देवनागरीत ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ यांत फरक दाखवायची सोय नाही. 'ओंदु' आणि 'ओत्तिरि' यांतला ओ ऱ्हस्व आहे, मराठी माणूस तो लांबवून वाचतो आणि कन्नड कानाला ते लगेच खटकते. वाक्य कन्नड लिपीत लिहून घ्या आणि घरी कन्नड बोलणाऱ्याकडूनच वाचून घ्या. उलट बाजूनेही हेच.

मराठी मेनूचा नमुना:

"नवीन ऑर्डर आणि दरासाठी एक दाबा. पाठवलेल्या मालाच्या चौकशीसाठी दोन. बिल आणि हिशेबासाठी तीन. ऑपरेटरशी बोलण्यासाठी शून्य."

आधी काम, मग आकडा. 'एक दाबा नवीन ऑर्डरसाठी' असे म्हटले तर काम ऐकेपर्यंत आकडा विसरला जातो. पर्याय चारच्या वर नेऊ नका, पाच झाले तर दोन एकत्र करता येतात का पाहा. मोठ्याने वाचून घड्याळ लावा: संपूर्ण मेनू वीस सेकंदांत बसला पाहिजे.

आता वेळा आणि आकडे. टेलिफोनच्या लाईनमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. 'स'ची सळसळ बहुतांशी त्याच्या वर असते, म्हणजे ती कापली जाते. त्यामुळे 'साडेसहा' आणि 'साडेदहा' फोनवर जवळजवळ सारखे ऐकू येतात. 'संध्याकाळी साडेसहापर्यंत' असे वेळेचा प्रहर जोडून सांगा, म्हणजे गोंधळ राहत नाही. मोबाईल नंबर द्यायचाच असेल तर एकेक आकडा सुटा म्हणा, दर तीन-चार आकड्यांनंतर थांबा, आणि नंबर दोनदा सांगा.

बंदच्या वेळेचा नमुना:

"नमस्कार. (संस्थेचे नाव). कार्यालय सोमवार ते शनिवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा उघडे असते. बीपनंतर आपले नाव, नंबर आणि काम सांगा. कामाच्या पुढच्या दिवशी आम्ही फोन करू."

शेवटचे वाक्य तेव्हाच ठेवा, जेव्हा सकाळी व्हॉइसमेल ऐकण्याचे काम एका ठरावीक माणसाला दिलेले आहे. नाहीतर ते काढा आणि सरळ 'कृपया कामाच्या वेळेत फोन करा' म्हणा.

इशारा, दवाखान्यांसाठी: तातडीचा पर्याय भाषा निवडण्याच्या आधी, दोन्ही भाषांत, पहिल्या वाक्यात द्या. छातीत दुखणाऱ्या माणसाच्या घरच्यांना आधी भाषा, मग विभाग, मग रांग असे फिरवू नका. रात्रीच्या निवेदनात रुग्णवाहिकेसाठी १०८ सांगा.

## ४. आवाज रेकॉर्ड करा

स्टुडिओ लागत नाही, शांतता लागते. कारखान्याच्या ऑफिसात पाळी सुटल्यावरच बसा. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली प्रयत्नच करू नका. खानापूरकडच्या पावसात तर रेकॉर्डिंगला उघडीप शोधावी लागते. कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्याच्यासमोर उभे राहा, मागे एखादी जाड वाकळ टांगा. उघड्या भिंती आणि फरशी यांच्यामुळेच तो विहिरीतला घुमारा येतो.

पंखा, एसी, फ्रिज बंद. मोबाईलवर रेकॉर्ड करत असाल तर विमान मोड चालू करा. मोबाईल तोंडापासून एक वीत लांब आणि थोडा बाजूला धरा. अगदी समोर धरला तर 'प', 'फ', 'भ'च्या वेळी श्वासाचा दणका बसतो.

बोलण्याआधी पाच सेकंद गप्प राहा आणि ती शांतताही रेकॉर्ड होऊ द्या. पुढे खोलीची गुणगुण काढून टाकायला ती लागते. सगळ्या फाईली एकाच बैठकीत, एकाच आवाजात करून घ्या. सहा महिन्यांनी त्याच बाईंचा आवाजही वेगळा लागतो. 'चुकीचे बटण', 'आज सुट्टी आहे' अशी आज नको असलेली वाक्येही तेव्हाच म्हणून ठेवा.

आवाज ऑफिसातल्या कुणाचा असेल तर तो वापरायची लेखी संमती घ्या, नोकरी सोडल्यावरही वापरू का, ते त्यात असू द्या.

संगणकाच्या आवाजाकडून वाचून घेत असाल, तर 'पाच' आणि 'जोडत आहोत' हे दोन शब्द मुद्दाम ऐका. मराठीत 'पाच'मधला च आणि 'जोडणे'मधला ज दाताकडे जीभ लावून येतो, बरेच यांत्रिक आवाज तो हिंदीसारखा टाळूवरून काढतात. तसे झाले तर माणसाकडूनच वाचून घ्या. लिहून देताना आकडे अक्षरांत लिहा.

इशारा: रेकॉर्ड केलेली फाईल व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवू नका. तिथे आवाज दाबून लहान केला जातो आणि तो परत मिळत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा केबलने काढून घ्या.

## ५. होल्डचे संगीत: हक्क आणि नाद

### हक्क

सिनेमातले गाणे यूट्यूबवरून उतरवून ऑफिसच्या फोनवर लावता येत नाही. विकत घेतलेले असले तरी ते घरी ऐकण्यासाठी आहे. प्रताधिकार कायदा, १९५७ प्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. गीत आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो रचनाकाराच्या निधनानंतरही ६० वर्षे टिकतो.

इथे अभंगांबाबत हमखास चूक होते. अभंगाचे शब्द शेकडो वर्षांपूर्वीचे आहेत, ते कुणाच्या मालकीचे नाहीत. पण त्याला लावलेली आजची चाल संगीतकाराची आणि रेकॉर्डिंग ज्याने काढले त्याचे. 'देवाचे गाणे आहे' हे उत्तर चालत नाही.

सरळ मार्ग असे आहेत. व्यावसायिक वापराला परवानगी असलेले संगीत घ्या आणि परवान्याची प्रत जपून ठेवा; 'अव्यावसायिक वापरासाठी' असे लिहिलेले फुकटचे संगीत धंद्याच्या फोनला चालत नाही. लोकप्रिय गाणेच हवे असेल तर रेकॉर्डिंगसाठी फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड आणि गीत-संगीतासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी यांच्याकडे 'टेलिफोनवर होल्डसाठी' असा वापर स्पष्ट लिहून विचारा. तिसरा मार्ग आम्हाला सगळ्यांत चांगला वाटतो: आपल्या भागात पेटी आणि बासरी वाजवणारे गावोगाव आहेत. अशा एखाद्याला मानधन देऊन तीन-चार मिनिटे स्वतःचे वादन करून घ्या, आणि काय वाजवले, कुठे वापरणार, किती काळ, किती पैसे दिले, एवढे अर्ध्या पानावर लिहून दोघांच्या सह्या करा.

### नाद

फोनच्या अरुंद वाटेतून काय सुखरूप जाते आणि काय मरते, हे माहीत असले की निवड सोपी होते. तंबोऱ्याची जवारी म्हणजे वरच्या स्वरांचा गुंजारव. तो कापला जातो आणि उरते नुसती टणटण. तबल्याच्या डग्ग्याची घुमक आणि ढोलकीचा धुमारा ३०० हर्ट्झच्या खाली असतो, तोही जातो. झांजा आणि टाळ खरखर होतात. मधल्या पट्टीतली बासरी, पेटी, सारंगी चांगली जाते.

दुसरी गोष्ट मोबाईलची. मोबाईलमधला आवाजाचा कोडेक, म्हणजे आवाज दाबून पाठवण्याची पद्धत, माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला आहे, आणि वाटेतले गोंगाट कमी करणारे तंत्र संगीतालाच गोंगाट समजून मध्ये मध्ये गिळते. म्हणून एकच वाद्य, संथ आणि अखंड वादन ठेवा. मोठा वाद्यवृंद नको. दोन सेकंदांहून लांब शांतता नको, कॉल तुटला असे वाटून लोक फोन ठेवतात.

लांबी दोन ते चार मिनिटे. शेवट आणि सुरुवात जुळतील असे कापा, कारण ते पुन्हा पुन्हा वाजणार आहे.

## ६. फाईल टेलिफोनच्या मापात आणा

हे काम नीट झाले तर पुढे अडत नाही. जवळजवळ सगळ्या आयपी-पीबीएक्सना चालणारे माप एकच:

- प्रकार: वेव्ह, पीसीएम
- नमुना दर (सॅम्पल रेट, सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा): ८००० हर्ट्झ
- खोली: १६ बिट
- चॅनेल: एक, म्हणजे मोनो

फुकट मिळणाऱ्या ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये हा क्रम ठेवा:

१) मूळ फाईल उघडा आणि आधी तिची एक प्रत 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. तिला पुन्हा हात लावू नका.

२) ट्रॅक्स मेनूतून स्टिरिओचे मोनो करा.

३) सुरुवातीची पाच सेकंद शांतता निवडून नॉइज रिडक्शनला नमुना द्या, मग पूर्ण फाईलवर हलक्या हाताने लावा. जास्त लावले की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

४) हाय-पास फिल्टर (ठरवलेल्या आकड्याखालचा आवाज कापणारे) २०० ते ३०० हर्ट्झवर लावा. विजेची ५० हर्ट्झची गुणगुण इथे निघते. संगीताला लो-पास (वरचा आवाज कापणारे) ३४०० हर्ट्झवर लावा, म्हणजे फोनवर काय ऐकू येणार ते इथेच कळते.

५) नॉर्मलाइझ: बोलण्याचा सर्वोच्च बिंदू उणे ३ डेसिबल, संगीताचा उणे ९ ते उणे १२. दोन्ही सारखे ठेवले तर निवेदनानंतर संगीत कानात घुसते.

६) सुरुवातीला अर्धा ते एक सेकंद आणि शेवटी एक सेकंद शांतता ठेवा. फोन उचलला गेल्यावर आवाजाची वाट उघडायला क्षणभर लागतो. तेवढ्यात निवेदन सुरू झाले की 'नमस्कार'चा 'न' गळतो. सगळ्या तक्रारींतली ही सर्वांत मोठी, आणि उपाय एवढाच आहे.

७) एक्सपोर्ट करताना मोनो, ८००० हर्ट्झ आणि 'साइन्ड १६-बिट पीसीएम' निवडा.

इशारा: एमपी३ किंवा एम४ए फाईलचे शेपूट पुसून तिथे वेव्ह लिहिले म्हणजे फाईल वेव्ह होत नाही. नाव बदलते, आतला ऐवज तोच राहतो. यंत्रणा ती कधी नाकारते, कधी घेते आणि मुकी राहते.

तपासणी: फाईलचा आकार पाहा. या मापात एका सेकंदाला १६,००० बाइट लागतात, म्हणजे ३० सेकंदांची फाईल सुमारे ४८० केबी आणि एक मिनिटाची सुमारे ९६० केबी. ३० सेकंदांची फाईल ५ एमबीच्या वर दिसत असेल तर ती अजून ४४,१०० हर्ट्झची स्टिरिओ आहे. पुन्हा एक्सपोर्ट करा.

नाव देताना फक्त इंग्रजी छोटी अक्षरे (स्मॉल लेटर्स), आकडे आणि अधोरेखा (अंडरस्कोर) वापरा. मोकळी जागा, देवनागरी अक्षरे आणि कंस काही यंत्रणांना पचत नाहीत. नावात भाषा, काम आणि महिना-वर्ष असू द्या. 'अंतिम', 'अंतिम दोन', 'नवे अंतिम' अशा नावांतून दिवाळीला योग्य फाईल सापडत नाही.

## ७. अपलोड

आधी यंत्रणेचा बॅकअप घ्या, आणि जुनी निवेदने डाउनलोड करून ठेवा. जुन्या फाईलच्या नावावरच नवी चढवू नका, बिघडले तर परतीची वाट राहत नाही.

फ्रीपीबीएक्समध्ये बोललेल्या फाईली 'सिस्टिम रेकॉर्डिंग्ज'मध्ये जातात आणि संगीत 'म्युझिक ऑन होल्ड'मध्ये. दोन्हींची कोठारे वेगळी आहेत. संगीत पहिल्यात टाकले तर होल्डच्या यादीत ते कधीच दिसणार नाही. संगीतासाठी नवा वर्ग तयार करा, त्याला नाव द्या, त्यात फाईल चढवा. बदल जतन केल्यावर वर लाल रंगाचे 'अप्लाय कन्फिग' बटण येते. ते दाबल्याशिवाय काहीही लागू होत नाही.

फाईल थेट सर्व्हरच्या फोल्डरमध्ये कॉपी करत असाल तर तिची मालकी अॅस्टरिस्कच्या वापरकर्त्याकडे द्या आणि संगीताचे वर्ग पुन्हा वाचायला लावा. मालकी चुकली की फाईल यादीत दिसते, पण वाजत नाही.

जुन्या ईपीएबीएक्सवर प्लेअर जोडताना लाईन-आउटमधून जोडा, स्पीकरच्या खाचेतून नको, आवाज फाटतो. प्लेअर असा घ्या जो वीज आल्यावर आपोआप पुन्हा सुरू होतो आणि तेच परत परत वाजवतो. नाहीतर वीज गेली-आली की होल्डवर शांतता, आणि ते ऑफिसात कुणाच्याच लक्षात येत नाही. डबा आणि प्लेअर एकाच यूपीएसवर ठेवा.

## ८. फाईल जागेवर जोडा

अपलोड झाले म्हणजे फाईल फडताळात ठेवली. कोणत्या वेळी काढून वाजवायची, ते अजून सांगितलेले नाही. दुसऱ्या टप्प्यातला कागद समोर घ्या आणि एकेक आकडा जोडत जा:

- भाषेची निवड आणि मेनू: आयव्हीआरमध्ये (बटण दाबून पर्याय निवडायचा बोलका मेनू)
- रांगेतले संगीत: प्रत्येक क्यूमध्ये वेगळे निवडावे लागते
- रिंग ग्रुप (एका कॉलला एकत्र वाजणारे अनेक फोन): तिथे 'रिंग' निवडलेले असेल तर ट्रिंग ट्रिंगच ऐकू येईल, संगीत नाही
- बाहेरून येणाऱ्या कॉलचे होल्ड: इनबाउंड रूटच्या प्रगत सेटिंगमध्ये
- बंदचे निवेदन: वेळेच्या अटीत

आयव्हीआरमध्ये आणखी दोन गोष्टी ठरवा. निवेदन चालू असतानाच बटण दाबता आले पाहिजे. रोज फोन करणाऱ्याला 'तीन' आधीच माहीत असतो. आणि काहीच न दाबल्यास पाच ते सात सेकंद थांबून एकदा पुन्हा ऐकवा, मग थेट ऑपरेटरकडे द्या. कानाला धरलेल्या मोबाईलवर आकड्यांची पाटी कशी उघडायची हेच अनेक वयस्कर लोकांना सुचत नाही, त्यांचा कॉल तोडू नका.

तपासणी: यंत्रणेचे घड्याळ भारतीय वेळेवर आहे का? ते जागतिक वेळेवर राहिले असेल तर नऊ ते सहाची अट प्रत्यक्षात दुपारी अडीच ते रात्री साडेअकरा अशी चालते, आणि सकाळच्या ग्राहकांना 'कार्यालय बंद आहे' ऐकू येते.

## ९. बाहेरून फोन लावून तपासा

ऑफिसातल्या एक्स्टेंशनवरून तपासणी करू नका. आतला कॉल वेगळ्या वाटेने जातो, त्याला वेगळे संगीत लागू शकते आणि मोबाईलचा कोडेक मध्ये येतच नाही. स्वतःच्या मोबाईलवरचे होल्डचे बटण दाबूनही काही कळत नाही. ऑफिसातल्या माणसाने त्याच्या टेबलावरच्या फोनवरून तुम्हाला होल्डवर ठेवले पाहिजे.

एक लँडलाईन आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे मोबाईल घ्या. एक फोन रेंज कमी असलेल्या गावातून लावून घ्या. मग:

- पहिले अक्षर पूर्ण येते का?
- निवेदन चालू असताना बटण दाबून पाहा, चुकीचे बटण दाबून पाहा, काहीच न दाबता थांबून पाहा.
- पूर्ण पाच मिनिटे होल्डवर राहा. संगीत संपून पुन्हा सुरू होतानाचा सांधा ऐका.
- तीनदा थोडा-थोडा वेळ होल्डवर जा. दर वेळी पहिलेच वीस सेकंद वाजत असतील तर ते वीस सेकंद तरी सुखद हवेत.
- कन्नड मेनू कन्नड बोलणाऱ्यालाच ऐकवा.
- संध्याकाळी बंद झाल्यावर पुन्हा एकदा.

दोष दिसला तर शोध इथून सुरू करा. फाईल यादीत आहे पण शांतता: नमुना दर किंवा मालकी. आवाज रेंगाळतो किंवा चिरका आणि भरभर येतो: नमुना दर चुकला. निवेदन स्वच्छ पण संगीत चिंध्या: लाईनवर जी.७२९ चालू आहे. तो बोलण्यासाठी ८ किलोबिटांत दाबलेला कोडेक आहे, जी.७११ ए-लॉ पुढे आणा, त्याला ६४ किलोबिट लागतात पण संगीत तगते. बटण दाबले तरी काहीच घडत नाही: डीटीएमएफची, म्हणजे दाबलेल्या बटणाचा सूर पुढे पाठवण्याची, पद्धत तुमच्या यंत्रणेत आणि लाईन देणाऱ्याकडे वेगळी आहे, दोन्हीकडे 'आरएफसी २८३३' हाच पर्याय ठेवा. बटण लँडलाईनवरून चालते पण मोबाईलवरून नाही, तरीही आधी हेच पाहा. जुन्या डब्यावर संगीतात सतत घूं आवाज: अर्थिंग आणि प्लेअरचा अडॅप्टर.

## १०. सुट्ट्यांची निवेदने

गणपतीचे दिवस, शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीची संध्याकाळ, खंडेनवमी, दिवाळी, १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव). या दिवसांची तुमच्या ऑफिसची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच करा. बेळगावात शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला असते, म्हणून तिची तारीख दर वर्षी पंचांगातून घ्यावी लागते.

सुट्टीच्या निवेदनात तारीख आणि वार दोन्ही म्हणा आणि पुन्हा कधी उघडणार ते सांगा. 'आज सुट्टी आहे' एवढेच असेल तर उद्या चालू आहे की नाही ते ऐकणाऱ्याला कळत नाही. वेळेच्या अटीत निवेदन लावण्याची आणि काढण्याची तारीख एकाच बैठकीत भरा, आणि ऑफिस उघडेल त्या सकाळी नऊ वाजून एक मिनिटाने दारात उभे राहून स्वतःच्या मोबाईलवरून ऑफिसचा नंबर लावा.